खुर्ची एकच

मागच्या मार्गशीर्षात आठवडाभर
मी स्वतःवरच पाळत ठेवली.
घड्याळाखाली वही टांगली, पेन्सिल सुतळीला.
आरसा शोधायला उठलो – दोन मिनिटं.
कापूस संपला – चार.
कुणाच्या तरी दाढेचा एक्स-रे कुणाच्या तरी पाकिटात – नऊ,
आणि तो निघाला चहाच्या बशीखाली.
शनिवारी बेरीज केली:
रोजचा एक तास सत्तावीस मिनिटं
मी दवाखान्यात नुसता चालत होतो.
तेवढ्यात पायी दोंडाईचा स्टेशनला जाऊन,
गाडी चुकवून, परत येता आलं असतं.

मग तक्ता केला. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन,
हिरवे नवे, निळे जुने, लाल ठणकणारे.
कोकिळाबाई बडगुजर, माझ्याकडे चौदा वर्षं,
हातमोजे काढता काढता तो लांबूनच बघत राहिल्या,
घ्यायचं नसलेलं लुगडं बघावं तसा.
म्हणाल्या,
"डाक्तर, घडीवर कोन्ही येत नही. मोटरवर येतस."

खरं होतं.
साडेदहाच्या चौकोनातला माणूस
साडेनऊलाच पायरीवर,
गालाला रुमाल, रुमालात लवंग,
कारण मालपूरची मोटर तेव्हाच येते
आणि परत फिरते ती थेट दुपारी.
ज्याचं घर दवाखान्यासमोर
तो बाराला येऊन विचारतो, लवकर तर नाही ना आलो?

आता तक्त्यावर तास नाहीत.
मालपूर. चिमठाणे. सारंगखेडा.
सगळ्यात खाली: गावातले.
काढायचे दात सकाळीच,
म्हणजे रक्त थांबतं, कापूस बदलून होतो,
आणि माणूस खिडकीची जागा धरून घरी जातो.
मापं, घासाघीस, कवळ्या मागाहून.
आणि पौषापासून एक जादा ओळ,
बाईंच्या तिरप्या अक्षरात:
दोननंतर मशीन नाही.
तेव्हा वारा फिरतो, मिरचीच्या पथाऱ्यांवरून येतो,
वासलेल्या तोंडाला शिंक फुटते
आणि माझ्या हातात सुई फिरत असते.
एकदा थोडक्यात वाचलो,
मी आणि एका शिक्षिकेची जीभ.

खण मी तीनदा लावले, इंग्रजी वर्णक्रमाने.
"मसालाना डबामा हयद धुंडनी पडस का?"
एवढं बोलून त्यांनी सगळं उपसलं.
आता ट्रे आदल्या रात्रीच भरलेले,
तांबडा दोरा काढायचा, पांढरा भरायचा.
बुधवारी लाइट जाते
म्हणून मंगळवारी ऑटोक्लेव्हच्या दोन फेऱ्या,
आणि वायरमनच्या सासूची कवळी जरा लवकर.
(हे तक्त्यात लिहिलेलं नाही.)

माघात पुन्हा मोजलं. एकोणीस मिनिटं.
उरलेल्या वेळात किती दाढा बसतील
हा हिशेब मी पाकिटामागे करत होतो
तेव्हा रतनसिंग गिरासे आले, तिसऱ्यांदा.
कवळी टोचत नव्हती. हलत नव्हती.
मी हिरड्या चाचपल्या, कागद चाववला, काही नाही.
आप्पांनी खिशातून फडकं काढलं,
फडक्यात कळण्याची भाकरी, चतकोर, वर ठेचा.
घरी खायला बसलं की नातवंडं टकामका बघतात,
कवळी पडेल म्हणून वाट बघतात.
"तुमना म्होरे खास एकदाव," म्हणाले,
"मंग घर खासू."

खुर्ची सरळ केली. दिवा बंद केला.
ते चावत होते,
आधी नुसत्या पुढच्यांनी, सशासारखे,
मग उजवीकडे, मग थांबून,
जिभेने सगळं जागेवर आहे का बघून,
डावीकडे.
डोळ्यांत पाणी, ते ठेच्याचं असावं.
कवळी जागची हलली नाही.

बाहेर पुढचा पेशंट खोकला, मुद्दाम.
मालपूरची मोटर सुटायची वेळ होऊन गेली होती.
मी बाईंकडे पाहिलं.
"कंडक्टरले फोन कया," त्या म्हणाल्या,
आणि आप्पांना पाण्याचा ग्लास दिला,
खुर्चीवरचा चुरा पुसला,
वहीत काहीतरी लिहिलं, मला दिसेल असं नाही,
आणि पांढऱ्या दोऱ्याचा ट्रे ओढला.